कमरेत अडीच इंच

नाही हो सर, मशीन बिघडलेलं नाही. या, बसा ना — टॉवेल तो बघा, खुंटीला. सुईखाली कापड नाही, दोरा ओवलेला नाही आणि हा बाबा आपला पॅडल मारत बसलाय, असंच वाटलं ना? वाटणारच. अहो, सवय आहे, दुसरं काही नाही. मागच्या बाथरूममध्ये कुणी गेलं की माझा पाय आपोआप पॅडलवर जातो. दार पत्र्याचं, त्यात खालून वीतभर फट, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. आत गेलेला माणूस नळ सोडून उभा राहतो, वाट बघतो, आणि इकडे दुकानात चार माणसं गप्प बसलेली — बरं दिसत नाही ते. मशीनचा आवाज असला की झाकून जातं. आमचे एक जुने गिऱ्हाईक होते, त्यांनीच सांगितलं होतं मला, मी आत गेलो की तेवढं मशीन चालू ठेव म्हणून. त्यांच्यापायी लागलेली खोड, ती राहिली. जाऊ दे. तुम्हीही नळ सोडला होतात ना? लाजताय काय, ऐकू येतं म्हटलं ना. आणि आल्यापासून दुसऱ्यांदा गेलात, येऊन अजून अर्धा तास नाही झाला.

हं, तर कंबर. किती सैल करायची म्हणालात — अडीच इंच. होईल, न व्हायला काय झालं, आत कापड आहे. दोन वर्षांपूर्वी शिवली तेव्हाच मागच्या शिवणीत भरपूर माया ठेवली होती मी — माया म्हणजे हो, आत दुमडून ठेवतो ते जादा कापड. म्हटलं, माणूस रिटायर होतोय, आता घरी बसणार, खाणार, सुटणार. तुमच्या निरोप समारंभाची पँट ना ही? आहे, वहीत आहे, मी काही टाकत नाही. हे बघा — कंबर छत्तीस, मांडी तेवीस, शर्टाची छाती एकोणचाळीस, कॉलर साडेपंधरा. आणि हे आत्ता घेतलेलं. कंबर साडेअडतीस. छाती अडतीस. मांडी बावीस. कॉलरमध्ये तर तुमच्या माझी दोन बोटं आरामात गेली. पोट सुटलंय म्हणता? सर, तुम्ही जन्मभर पोरांना गणित शिकवलंत, मग आता मला शिकवा — छातीतून इंच गेला, मांडीतून इंच गेला, गळा बारीक झाला, आणि कमरेत तेवढे अडीच इंच वाढले. हे कुठल्या इयत्तेचं गणित?

पस्तीस वर्षं पोटं मोजतोय मी. पोटांचं मला सांगू नका. खाऊन सुटलेलं पोट असतं ना, ते लाघवी असतं, टेप टाकला की बाजूने, पाठीवरून, सगळीकडून हाताला लागतं, माणूस हसला की तेही हसतं. गॅसचं पोट सकाळी एक आणि संध्याकाळी एक — तसल्या गिऱ्हाइकाला मी दुपारीच बोलावतो, म्हणजे दोन्हींच्या मधलं माप मिळतं. हसा, हसा. पण तुमचं तसं नाही. तुमची पाठ रिकामी, कुशी रिकाम्या, आणि जे आहे ते सगळं पुढे, बेंबीच्या खाली. टेपवर माझं बोट जरा टेकलं तर तुम्ही पटकन मागे सरलात. दुखलं का? नाही ना? मग का सरलात? मी सांगतो — घाई झाली. बोट टेकल्याबरोबर घाई झाली आणि तुम्ही तडक आत गेलात. नि ते पोट टणक होतं हो सर. हवा भरलेल्या चेंडूसारखं टणक.

थांबा, पँट गुंडाळू नका. माझं बोलून व्हायचंय. कंबर तर तुम्ही दुकानात चार माणसं असताना मोठ्याने सांगितलीत, पण ती माणसं जाईपर्यंत थांबून, मग हळूच जे दुसरं काम सांगितलंत — पुढच्या बाजूला आतून अस्तर लावायचं. जाड. टॉवेलच्या कापडाचं चालेल म्हणालात. आणि नवी शिवायला टाकाल ती काळी किंवा गडद निळी. हे कुणी सुचवलं तुम्हाला? स्वतःच्या डोक्यातून निघालं? वाटलंच. मला वाटायचं की ही माझी एकट्याची अक्कल. टॉवेलचं नुसतं अस्तर लावून चालत नाही, सर, ते भिजलं की फुगतं, पुढून दिसतं. आधी मऊ सुती दोन पदर, मग टॉवेलचं कापड, मग त्याच्यावर छत्रीच्या कापडाचा पातळ तुकडा, म्हणजे बाहेर उमटत नाही. कडा हातशिलाईने, उलट्या टाक्याने, नाहीतर मांडीला घासतं, सोलवटतं. आणि चेनच्या आतली पट्टी अर्धा इंच लांब ठेवायची. अशा तीन पँटी शिवल्या मी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम. लग्नाचे सूट शिवलेत मी, कोर्टातल्या लोकांचे कोट शिवलेत, पण तसं काम पुन्हा हातून झालं नाही. कुणाला, म्हणजे कुणाला पत्ता लागला नाही. दादा घालून उभा राहिला आरशासमोर आणि म्हणाला, लेका, हात तुझा देवाघरचा आहे.

हो. दादा म्हटलं मी. गिऱ्हाईक नव्हतं ते. माझा सख्खा थोरला भाऊ. ते टेबल दिसतंय ना, कापायचं, ते त्याचं. तो कापायचा, मी शिवायचो. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, दादा सतराचा — त्यानेच वाढवलं मला, त्यानेच सुई हातात दिली, त्याच्याच हातचा मार खाल्लाय आणि त्याच्याच ताटात जेवलोय. सकाळी नऊला उभा राहायचा टेबलाशी तो दुपारी दोनला हलायचा. कापताना मध्येच उठलं की हात बदलतो, असं त्याचं म्हणणं. लागली तरी दाबून धरायची. तुमच्यासारखंच की. तुम्हीही तास संपेपर्यंत दाबून धरत असणार, घंटा झाली की दुसरा तास — आणि गणिताच्या मास्तराने भर वर्गातून उठून जायचं म्हणजे पोरांना आयतं कोलीत. माहीत आहे मला. दाबून धरल्याने होतं असं नाही म्हणे, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण अंगाला शिस्त लागते ना, की ते जे मागतंय त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही. मग ते ओरडलं तरी माणसाला ऐकू येत नाही.

सुरुवात साधीच होती. धार बारीक झाली म्हणाला. मग म्हणाला, सुरू व्हायला वेळ लागतो. मग सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते, झालं म्हणून बाहेर यावं तर दोन पावलांवर पुन्हा वाटतं. हसत सांगायचा, वय झालं, आता सगळंच हप्त्याहप्त्याने. मी पण हसलो. मग दादाने पाणी कमी केलं. तुम्ही केलंय का? केलंय. मघाशी ग्लास पुढे केला तर नको म्हणालात, आणि ओठ बघा तुमचे. अहो, पाणी तोडून काही होत नाही, उलट जे थोडं होतं ते तिखट होतं, जळजळतं. संध्याकाळनंतरचा चहा कमी करायचा, एवढंच. मग त्याला सर्दी झाली आणि त्याने मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून खाल्ली, आणि दोन दिवस तो आत गेला की येईचना. नळ चालू, आणि तो आत. त्या गोळीने तिथला स्नायू आवळतो म्हणे. कुणाला माहीत होतं? आम्हाला वाटलं थंडीने असेल. तिसऱ्या दिवशी थेंब थेंब सुरू झालं आणि मग ते थांबेनाच. आपलं आपण गळायचं. आम्हाला वाटलं — आता काय सांगू तुम्हाला — आम्हाला वाटलं, मोकळं झालं. अडलेलं सुटलं. आनंद झाला हो मला.

आणि मग अस्तर. आणि मग कंबर. फालतू डोकं बघा माझं — चौतीसची कंबर, मी आधी पाऊण इंच सोडली. दीड महिन्यानं पुन्हा पाऊण. पुन्हा पाऊण. पुन्हा अर्धा. दर वेळी टेप मीच टाकला. दर वेळी वहीत मीच लिहिलं. त्याचे खांदे उतरत होते, शर्ट खुंटीला लावल्यासारखा लोंबत होता, आणि मी — जन्मभर पोटं मोजणारा मी — म्हणालो, दादा, तुला वहिनीच्या हातचं मानवतंय. काय बोललो मी. त्याला म्हटलं होतं एकदा, डॉक्टरकडे जाऊ. नाही असं नाही. तर म्हणाला, तिथे पँट उतरवायला लावतात, आणि काय काय करतात, झाकली मूठ सव्वा लाखाची, तू घरात बोलू नकोस, तुझ्या वहिनीला तर मुळीच नाही, ती घाबरते. माझी शपथ आहे तुला. झालं. मी मूग गिळून बसलो. शपथ काय, मला स्वतःलाच नको होतं बोलायला. थोरला भाऊ. त्याच्याशी काय बोलायचं हे, तुझी पँट ओली आहे म्हणून? त्यापेक्षा अस्तर लावणं सोपं. मला तेच येत होतं.

मग एके दिवशी टेबलाशीच ओकला. चेहऱ्यावर सूज, बोलणं बरळल्यासारखं. उचलून नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता, त्याने पोटावर हात ठेवला, फक्त हात ठेवला सर, आणि माझ्याकडे बघितलं. मग नळी घातली. पिशवी भरली, बदलली, पुन्हा भरली, पावणेतीन लिटर. त्यांनी एकदम सगळं काढलं नाही, थांबून थांबून काढलं. आणि मी कॉटशी उभा. टेप गळ्यात तसाच, दुकानातून तसाच पळालो होतो ना. नर्स बाहेर गेली आणि मी — का केलं मी ते, मला नाही सांगता येणार — मी टेप काढला आणि त्याच्या कमरेला लावला. साडेचौतीस. सकाळी पावणेसदतीस होती. तो जागा होता. त्याने टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दोघांनाही गणित येत होतं.

डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषाला एक ग्रंथी असते, वय झालं की ती वाढते, बहुतेकांची वाढते, आणि आतली वाट आवळते. दरवेळी तेच असतं असं नाही — कुणाचा खडा अडकतो, कुणाची नळीच अरुंद झालेली असते, कुणाच्या साखरेने तिथल्या नसा बधिर होतात. तपासल्याशिवाय कळत नाही. पण हळूहळू भरत गेलं की दुखत नाही, म्हणाले, मूत्राशय ताणलं जातं. आणि जे थेंब थेंब गळत होतं ते सुटलेलं नव्हतं, टाकी भरल्यावर वरून वाहतं ना, ते होतं. आत भरलेलंच. आणि मागे सरकून सरकून ते किडन्यांपर्यंत गेलं. सहा महिने आधी आला असतात, म्हणाले, तर रोज रात्री एक गोळी घेऊन भागलं असतं. नसतं भागलं तर आतून दुर्बीण घालून ऑपरेशन, बाहेर टाकासुद्धा नाही, चार दिवसांत घरी. टाकासुद्धा नाही, सर. आणि मी तीन पँटींना किती टाके घातले होते. डायलिसिसवर त्याने पाच महिने काढले, मग गेला.

हे नव्हतं सांगायचं मला. तुम्हाला तर नाहीच. पण आता निघालंय तर ऐका. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर वहिनीने मला विचारलं. बाकावर बसली होती. वाईट आवाजात नाही, भांडायला नाही, नुसतं विचारलं — भावजी, तुम्ही दिवसभर त्यांच्याबरोबर असता, तुम्हाला काही कळलं होतं का? आणि मी म्हणालो, नाही. काहीच नाही वहिनी. एवढंच म्हणालो. वहिनी मान हलवून म्हणाली, मग मला तरी कसं कळणार. सहा वर्षं झाली. आमच्यातच राहते ती. माझं ताट वाढते. आमच्या शर्टांना काजं तीच करते, बटणं लावते. आणि अजून अधूनमधून म्हणते, मी जवळ असून मला दिसलं नाही, माझंच चुकलं. माझ्यासमोर म्हणते. आणि मी जेवतो.

दुपारी दुकानात कुणी नसलं की मागे नळ सुरू होतो. खरंच सांगतोय, डोकं ठिकाणावर आहे माझं. नळ सुरू होतो, पत्र्याचं दार लागतं, आणि मी पॅडल मारायला लागतो, त्याला बरं वाटावं म्हणून. मग किती वेळ झाला, किती वेळ झाला, बाहेर येत कसा नाही. शेवटी उठतो. जाऊन बघतो. नळ कोरडा असतो. चार महिन्यांपूर्वी कापायचं टेबल विकायला काढलं होतं, माणूस बघून गेला, आणि त्या दिवशी तर आवाज थांबेचना. नाही विकलं मग. आज तुम्ही आत गेलात आणि खरंच पाणी वाहत होतं, दाराखालून खरेच पाय दिसत होते, आणि मी इथे बसून जोरजोरात पॅडल मारत होतो. घाम बघा हा.

काय म्हणालात? दुखत नाही. हो, दादालाही दुखत नव्हतं. काय? तुमचं तसं नसेल — नसेल, बरोबर आहे, मी शिंपी आहे, डॉक्टर नाही. देव करो आणि नसो. साधं काहीतरी निघेल, गोळ्यांवर भागेल, तुम्ही येऊन मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन. पण आजच जायचं. उद्या नाही, सोमवारी नाही. तिथे गेलात की लाजून नुसतं पोटाचं काहीतरी आहे असं सांगू नका. सांगा की लघवी अडते, गळते, पोट खाली टणक लागतंय. सोनोग्राफी करतील, रक्त तपासतील, किडनीचं बघतील. नळी घातली तरी घाबरू नका, ती जन्माची नसते सगळ्यांना. आणि खोकल्या-सर्दीची गोळी आपल्या मनाने खाऊ नका. एवढंच मला येतं, एवढंच पाठ आहे.

पँट द्या म्हणता? देतो की. तुमचीच आहे. दुसरा शिंपी कंबर सोडूनही देईल, चौकात दोघं बसतात, चांगले आहेत. अस्तरही लावतील. माझ्याएवढं चांगलं नाही लावणार, पण लावतील. आणि तुम्ही वर्षभर ती घालून फिराल आणि कुणाला कळणार नाही. सर, हात सोडा — पँट फाटेल अशाने. रागावलात? रागवा. दादाशी मी असा भांडलो असतो तर त्याने माझ्या थोबाडीत दिली असती, आणि आज तो इथे उभा असता, अजून चार शिव्या घालत —

कोण? या, या ना. तुमच्याच मिसेस का, सर? या वहिनी, आत या, पिशवी इथे ठेवा. बाजार झाला? हो, इथेच आहेत सर, काही नाही, आम्ही आपलं गप्पा — नाही, हे काय, पँटचं माप —

सर, डोळ्यांनी खुणावू नका मला. कळतंय. वहिनी, मला काय विचारलंत? एवढा वेळ का लागतोय. काही नाही हो, ते — बघा, लगेच तोंडात आलं. काही नाही. बसा वहिनी. या स्टुलावर बसा. ही पँट मी सैल करणार नाही. सरांची कंबर अडीच इंच वाढलीय आणि बाकी सगळं अंग उतरलंय, आणि ते सुटलेलं पोट नाहीये. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय. बरेच महिने सांगायचंय. त्यांनी नाही सांगितलं तर मी सांगेन, पण त्यांनी सांगितलेलं बरं.

सांगा, सर. मी बाहेर पायरीवर उभा राहतो. तुमचं झालं की मला हाक मारायची गरज नाही, दोघं तसेच दवाखान्यात निघा. जा म्हटलं ना.